विटांच्या आतली टपालपेटी

नर्मदाबाईच्या दारातली टपालपेटी म्हणजे फाटकाच्या खांबाला तारेने बांधलेला पत्र्याचा डबा. धुळ्यात महामार्गाच्या अलीकडे त्यांची वस्ती. नवरा भिकन गवंडी होता. दिवसभर लोकांची घरं बांधायचा आणि स्वतःच्या घराचं काम रविवारी, उरल्यासुरल्या विटांत करायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या हाताखाली माल कालवता कालवता नर्मदाबाई थापी धरायला शिकली होती, आणि तो गेल्यावरही तिने ती खाली ठेवली नाही. मुलगी प्रज्ञा दवाखान्यात नर्स. दोघी सकाळी घराला कुलूप लावून निघायच्या, त्या संध्याकाळीच परतायच्या.

शेजारी रतिलाल नाना. कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. गल्लीतल्या लोकांना अर्ज लिहून द्यायचा, त्यामुळे सगळे त्याला मान देत. नर्मदाबाईही देत होती.

दिवाळीनंतर एकदा ती कामावरून आली, तेव्हा तिच्या अंगणात चुन्याच्या खुणा होत्या. नानाने जागेची मोजणी करून घेतली होती. आठ दिवसांत नानाने नवीन भिंत घातली, ती तिच्या अंगणात अडीच फूट आत. भिकनने स्वतः टाकीशेजारी बसवलेला धुण्याचा दगड भिंतीपलीकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून त्या दगडावर नानाची बायको कपडे आपटायला लागली. नर्मदाबाई तो आवाज ऐकत चहा प्यायची.

ती कचेरीत गेली. तिथे सांगण्यात आलं की तिला नोटीस धाडली होती, ती मोजणीला हजर राहिली नाही. तिने फेरमोजणीचा अर्ज केला. त्याची तारीख कळवणारं पत्र येईल म्हणाले. पत्र आलं नाही. दोन महिन्यांनी विचारायला गेली, तर अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला होता. पोस्टमन जीवरामने शपथेवर सांगितलं, दोन्ही वेळा त्याने स्वतःच्या हाताने पाकीट डब्यात टाकलं होतं.

तरी पत्रांबाबत तिचा संशय नानावर नव्हता. संशय आला तो नानाच्याच बोलण्यावरून. एका संध्याकाळी भिंतीवरून वाकून त्याने सहज विचारलं, प्रज्ञा ट्रेनिंगला यावलला जाणार म्हणे? प्रज्ञाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारलं, तेव्हा कळलं की तिचं पत्र आठ दिवसांपूर्वीच घरच्या पत्त्यावर धाडलं होतं.

प्रज्ञा म्हणाली पोलिसांत जाऊ. नर्मदाबाईने नकारार्थी मान हलवली. पोलीस पुरावा मागतील, आणि नाना त्यांच्यासमोर खुर्चीत बसून त्यांना कलमं सांगेल. त्या रात्री ती जेवली नाही. भांडण करावं असंही तिला वाटत नव्हतं. तिला त्याचा तो हात हवा होता, डब्यात जाणारा.

मे महिन्यातल्या एका रविवारी तिने फाटकाशेजारी विटा उतरवल्या आणि ओळंबा धरून छातीएवढा खांब बांधायला घेतला. खांबाच्या पोटात टपालाचा डबा बसवला. समोर आडवी फट ठेवली, हात जाईल एवढी. मागे, अंगणाच्या बाजूने, लहानसं लोखंडी दार आणि कुलूप. सगळं काम उजेडात, सगळ्यांदेखत. फक्त फटीच्या आतल्या अंगाला तिने पत्र्याच्या दोन पट्ट्या बसवल्या, आतल्या बाजूला कललेल्या, ते कोणी पाहिलं नाही. हात आत जाताना पट्ट्या बाजूला सरायच्या. बाहेर काढताना मनगटाला धरायच्या. पट्ट्यांच्या कडा कानशीने घासायच्या का, याचा तिने थोडा वेळ विचार केला. घासल्या नाहीत.

नाना ओट्यावरून पाहत होता. काम पक्कं झालं म्हणाला. ती म्हणाली, भिकनची शिकवण आहे.

जीवरामला तिने बजावलं, पाकीट नुसतं आत सोडायचं, बोटं घालायची नाहीत. मग तिने खाकी पाकिटात कोरा कागद घातला, वर स्वतःचा पत्ता लिहिला आणि मोठ्या पोस्टात जाऊन टाकून आली. बुधवारी कामाला दांडी मारली. समोरच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, मागच्या दाराने आत आली आणि खिडकीमागे बसून राहिली.

दीडच्या सुमाराला जीवराम पाकीट टाकून गेला. दोन वाजता गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नाना डोक्याला रुमाल बांधून बाहेर आला, दोन्हीकडे पाहिलं आणि इतक्या सवयीने फटीत हात घातला, की त्या सवयीचाच तिला जास्त राग आला.

पहिल्यांदा त्याने हात ओढला. मग जोरात ओढला. मग तो ओरडला.

नर्मदाबाई उठली. चूल पेटवून चहा टाकला. चहा उकळेपर्यंत बाहेरचा आवाज वाढत गेला आणि गल्लीतली दारं उघडायला लागली. ती कप घेऊन अंगणात आली, तेव्हा दहाबारा माणसं जमली होती. नानाचं मनगट रक्ताळलं होतं आणि तापलेल्या विटांना अंग लागू नये म्हणून तो एका पायावर तिरका उभा होता.

"अक्का, मना हात अडकी गया," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला अक्का म्हटलं नव्हतं. "खोल ना लवकर."

चावी तिच्या कमरेला होती. सगळ्यांना दिसत होती.

"मनी पेटीमा काय शोधी राहिनात, नाना?"

तिने चहाचा घोट घेतला. कोणीतरी म्हणालं, बाई, आधी सोड त्याला. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मन्या नोटिसा कोठे शेतस?"

त्याने आधी वाऱ्याने उडालेलं पाकीट आत टाकत होतो असं सांगितलं. तिने कप धुवायला पाठ फिरवली. तेव्हा तो रडायला लागला आणि बायकोचं नाव घेऊन ओरडला, कपाटातली पिशवी आण. बायकोने पिशवी आणली. नर्मदाबाईने ती शेजारच्या हेमराजच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लावलं. मोजणीची नोटीस. अर्जाच्या तारखेचं पत्र. प्रज्ञाचं ट्रेनिंगचं पत्र. भिकन गेल्यावर त्याच्या मालेगावच्या मित्राने धाडलेलं सांत्वनाचं कार्डही त्यात होतं. चावी तिने हेमराजचं वाचून संपल्यावरच लावली आणि पट्ट्या मागे सारल्या.

पुढचं तसं सरळ झालं. हेमराज आणि आणखी चौघांनी कचेरीत जबाबावर सह्या केल्या. फेरमोजणीचा हुकूम निघाला, आणि पावसाळा संपता संपता कचेरीच्या माणसांसमोर खुणा पुन्हा पडल्या, या वेळी जुन्या जागी. भिंत पाडायला मजूर लावू म्हणून नानाचा मुलगा विचारायला आला. नर्मदाबाईने नको म्हटलं. तिने स्वतः घण उचलला आणि दोन दिवस भिंत पाडली. नाना ओट्यावर बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नव्हती. अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडे आता कोणी जात नव्हतं.

हात अडकला त्या दिवशी त्याच्या हाताची पट्टी प्रज्ञानेच बांधली होती. नंतरही दोनदा जाऊन ती बदलून आली. नर्मदाबाईने तिला अडवलं नाही, पण बरोबरही गेली नाही. भिंत पडल्याच्या संध्याकाळी प्रज्ञाने पेटीतल्या पट्ट्या काढून टाकायला सांगितलं. नर्मदाबाईने लगेच काढल्या.

"आई, बोटं कायमची तशीच राहतील त्याची," प्रज्ञा म्हणाली. "तुला काहीच वाटत नाही?"

नर्मदाबाईने खरंच विचार केला. मुलीशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"तुझ्यासाठी वाटतं," ती म्हणाली. "तुला त्याची पट्टी बांधावी लागली म्हणून. त्याच्यासाठी नाही वाटत."

प्रज्ञा आत गेली. नर्मदाबाई पडलेल्या भिंतीतल्या साबूत विटा वेचायला बसली. त्या नानाच्या होत्या, म्हणून तिने त्याच्या बाजूला रचून ठेवल्या.