सव्वापट वेगातलं प्रेम

आमच्या गोठ्यात दोन्ही वेळच्या धारा प्रेमकथेवर निघतात. लोरेनचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं, की माणसाचा आवाज चालू असला की गाई शांत उभ्या राहतात. गाईंचं मला माहीत नाही. लोरेन मात्र शांत राहते, आणि टास्मानियाच्या या वाऱ्याच्या टोकाला तेवढंही मला पुष्कळ आहे.

आठवड्यात ऐकलेल्या पुस्तकांवर ती दर रविवारी इंटरनेटवर लिहिते, आणि भीडभाड न ठेवता लिहिते. 'हा नायक अठरा प्रकरणं नायिकेकडे नुसता रोखून बघतो. याला आधी चष्मा द्या.' 'चुंबनाच्या वेळी वाचणारा अशा धापा टाकतो, की मी गाय सोडून त्यालाच बघायला धावणार होते.' तिचं वाचून पुस्तकं घेणाऱ्या बायका पार क्वीन्सलंडपर्यंत आहेत. मी या भानगडीत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. दुधाचा टँकरवाला आला की मी आवाज बारीक करतो आणि म्हणतो, "बायकोचं खूळ!"

ब्रिओनी आमच्या शेजारच्या शेतावर भाड्याने राहते. पदरात लहान मुलगी, नवरा नाही, पोटापाण्याला मटार गोठवण्याच्या कारखान्यात पाळी. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात दुलया टांगून, त्यात बसून तिने आपलं पहिलं ऑडिओबुक वाचून रेकॉर्ड केलं. ते नीट गेलं तर त्याच लेखिकेची पुढची तीन पुस्तकं तिला वाचायला मिळणार होती आणि कारखाना सुटणार होता. ती स्वतःच लोरेनला म्हणाली होती, "माझ्या तोंडाकडे बघू नकोस हं. वाटेल ते लिही."

"मी कुणाच्या तोंडाकडे बघते का?" लोरेन म्हणाली. खरंच होतं ते.

आता माझं पाप. ब्रिओनीने वाचलेल्या त्या कथेत टेसा नावाची एक विधवा होती आणि ह्यू नावाचा गुरांचा डॉक्टर. त्यांचं भांडण झालं आणि दोघं बोलेचनात. इकडे गाई विण्याचे दिवस, लोरेन एका अडलेल्या कालवडीपाशी गेलेली, आणि मी एकटा धारा काढत तळमळतोय की हे दोघं बोलणार तरी कधी! शेवटी चिकट बोटांनी मी टॅब्लेटवरचा वेग सव्वापट केला. खाली 'शांतता गाळा' असं एक बटण होतं, वाचणारी मधे जिथे जिथे थांबते ते सगळं कापून टाकणारं, तेही दाबलं. लोरेन परत आली, तेव्हा यंत्रांच्या खडखडाटात तिला वेग वाढलेला कळला नाही. तिला वाचणारीच घायकुतीला आलेली वाटली. मला ते पूर्ववत करता आलं असतं. पण मग 'अच्छा, म्हणजे तू ऐकतोस होय?' असं तिने विचारलं असतं, आणि वर्षभर गावाला तेवढाच विषय झाला असता. मी गप्प बसलो.

रविवारी तिने लिहिलं, 'ब्रिओनी मला घरच्यासारखी आहे, म्हणूनच सांगते. टँकर सुटायला आल्यासारखी वाचते ती. ह्यू विचारतो, "राहशील?" आणि त्याचा प्रश्न संपतोय न संपतोय तोच टेसा म्हणते, "चहा टाक." मधे श्वास नाही की विचार नाही. एवढ्या घाईत मी वासरूसुद्धा विकत घेत नाही.'

ते वाचून मी चहा अर्धा टाकून गोठ्याकडे निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी ब्रिओनी लॅमिंग्टन केक घेऊन आली. रडलेली नव्हती, रागावलेली नव्हती. तसं असतं तर परवडलं असतं. "तुझं बरोबर आहे, लोरेन," ती म्हणाली. "मी परत ऐकलं. आता मला सगळीकडे घाईच ऐकू येते. लहानपणापासून मी अशीच. आई म्हणायचीच."

"सुधारशील गं. पहिलंच तर आहे," लोरेन म्हणाली. "डेस, केक घे ना. तुला आवडतो."

मी घेतला. निर्लज्जासारखा खाल्लासुद्धा.

मंगळवारी सांगू म्हटलं, तर खत टाकायचं होतं. बुधवारी पाऊस. कारणं शोधायला निघालं की शेतावर त्यांना तोटा नसतो. गुरुवारी ब्रिओनी रस्त्यात भेटली, आणि बोलताना दोन शब्दांमध्ये मुद्दाम थांबायला लागली. "मी... सावकाश बोलायची... सवय करतेय," म्हणाली आणि हसली. मला तिच्याकडे मान वर करून बघवेना. त्या वेळीही मी काही बोललो नाही.

शनिवारी सकाळी गोठ्यात मी लोरेनला सगळं सांगून टाकलं. तिने हात धुतले, टॅब्लेटवर ब्रिओनीचं पुस्तक काढलं, वेग जागेवर आणला, ते बटण बंद केलं आणि तोच प्रसंग लावला.

"राहशील?" ह्यूने विचारलं. मग काहीच नाही. पंपाची धडधड तेवढी चालू राहिली. टेसाचा गेलेला नवरा, त्याने बांधलेलं घर, लोकांची तोंडं, सगळं त्या थांबण्यात होतं. मग अगदी हळू आवाज आला, "चहा टाक."

लोरेनने बाहीने डोळे पुसले. "गाढवा," ती म्हणाली, "काय लिहिलं रे मी त्या पोरीला!"

धारा आटोपल्या तशा आम्ही गमबुटांनीच ब्रिओनीच्या दारात गेलो. लोरेनने सांगितलं ते तिने ऐकून घेतलं आणि ती हसायलाच लागली. "किती चांगले आहात गं तुम्ही! पण डेस आणि प्रेमकथा? थाप मारायची तर पटेल अशी तरी मारा."

लोरेनने माझ्याकडे बघितलं.

"टेसा त्याचा रेनकोट परत करते ना," मी म्हणालो, "त्याच्या आधी ती त्याचं फाटलेलं अस्तर शिवते. आणि त्याला ते कळतच नाही, बैल कुठला. तिथे मला भरून आलं होतं. पुढे ती दोघं बोलेनात, ते मला सहन होईना. म्हणून वाढवला वेग." माझे कान तापले होते.

ब्रिओनीचं हसू थांबलं. "म्हणजे मी थांबले होते?"

"थांबली होतीस."

"नीट थांबले होते?"

"इतकं छान, की मला रडू आलं," लोरेन म्हणाली. "मी आजच लिहिते. चूक आमची, असं ठळक लिहिते."

ब्रिओनी दाराच्या चौकटीला टेकली. "मी त्या लेखिकेला नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्यामुळे तिच्या पुस्तकांचं मातेरं नको. तिने दुसरीला विचारलं. तिचा होकारही आला."

"अगं मग फोन लाव! मी बोलते."

"आणि तिच्या तोंडचा घास काढू? तिचाही कुठलातरी कारखाना सुटणार असेल गं."

लोरेनने फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"कधी कळवलंस?" मी विचारलं.

"काल दुपारी."

काल दुपारी मी कुंपणाच्या तारा ओढत होतो. एकटाच होतो, आणि फोन खिशात होता.