सरकवलेली अंडी

कृष्णात पक्षी अभयारण्यावर राखणदार होता, म्हणजे सरकारी भाषेत. गाव त्याला 'टिटव्यांचा पाटील' म्हणायचं. शिरोळच्या बाजूचं, नदीकाठचं ते तळं; दोन वर्षं तिथं एक पिल्लू धड जगलं नव्हतं. लांब तांबड्या पायांच्या शेकाट्यांची अंडी कुत्र्यांनी खाल्ली, टिटव्यांची ट्रॅक्टरखाली गेली. पाखराच्या अंड्यासाठी माणसानं किती जीव जाळायचा? पण कृष्णात जाळायचा, घास उतरू नये इतका.

यंदा जेठात टिटवीनं नेमकी तळ्याच्या उंच बांधावर, वाटेतच चार अंडी घातली. त्याच वाटेवर मुरूम टाकून रोलर फिरणार होता, आणि ठेकेदार थोडाच थांबतोय. मग कृष्णातनं युक्ती केली. रोज सकाळी उताराला जरा खाली खळगा करायचा, अंडी खड्यांसकट त्यात ठेवायची आणि लांब जाऊन बसायचं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून शिव्या मोजायची, मग गुमान येऊन उबवायला बसायची. असं करत करत पठ्ठ्यानं तिला पार तळाच्या कोरड्या गाळात नेऊन बसवलं. रोलर फिरला, अंडी वाचली, साहेबांनी पाठ थोपटली.

इथवर सगळं झ्याक. पण आपल्या मुलखात टिटवीच्या अंड्यांना नुसती अंडी कोण म्हणतो? उंचावर घातली तर नदी दारात येणार, खोलात घातली तर पाणी बेताचं, हे वाडवडलांपासून चालत आलेलं. पेरणीआधी आकारामतात्या, गावातलं जुनं खोड, दरसाल अंडी बघून गावाला सांगायचे. यंदा ते आले तेव्हा कृष्णात नेमका तालुक्याला गेलता. तात्यांनी गाळातली अंडी बघितली आणि पारावर जाऊन सांगितलं, "औंदा नदी पात्र सोडत न्हाय. निवांत ऱ्हावा."

गाव निवांत झालं. त्यात कृष्णातची थोरली बहीण धोंडुबाईसुद्धा. तळ्याच्या पलीकडं, नदीला खेटून तिचं घर. नवरा कधीच गेला, तीन म्हशींवर बाईचा संसार. पाऊस लागला की दरसाल ती म्हशी टेम्पोत घालून कोडोलीला लेकीकडं जायची. यंदा तिनं टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं.

हे ऐकून कृष्णातनं हातातलं काम टाकलं. तो तडक तिच्याकडं गेला.

"आक्का, ती अंडी मी सरकवल्यात. टिटवीनं बांधावर घातलती."

"मग खाली बसली का न्हाय ती?"

"बसली की."

"मग झालं तर. पाणी येणार असतं तर बसली असती व्हय? मुक्या जीवाला तुझ्यापरास जास्त कळतंय."

त्यानं तात्यांनाही सांगून बघितलं. तात्या म्हणाले, "तू सरकवलीस, तिनं मानली. आता ती तिचीच जागा." गुरंढोरं घेऊन घर सोडायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, आणि तात्यांचा शब्द सगळ्यांना सोयीचा होता.

पिल्लं फुटली, गाळात तुरुतुरु पळायला लागली. पाठोपाठ शेकाट्यांनीही चिखलात घरटी मांडली. इतकी पाखरं कृष्णातनं आजवर बघितली नव्हती, आणि आनंद म्हणाल तर नखाएवढा होईना. सगळी विणीवर आलेली पाखरं खोलात बसली होती, आणि गाव त्यांच्याकडं बघून झोपत होतं.

आषाढात पावसानं जे धरलं ते सोडेना. धरणाचं पाणी सोडल्याचं गाडीवरचा भोंगा सांगून गेला. शेकाट्यांची घरटी अंड्यांसकट बुडाली, नि ती बिचारी पाखरं दिवसभर पाण्यावर केकाटत फिरत राहिली. टिटवी मात्र तळ्यावर कुठंच दिसेना. कृष्णात स्वतःच टेम्पोवाल्याला घेऊन बहिणीच्या दारात गेला.

"आक्का, आत्ताच्या आत्ता चल."

"उद्या बघू. वाटंतल्या ओढ्याला अजून पाणी कुठं हाय? ती टिटवी तेवढी हाकल बाबा आधी. कवाधरनं घरावरच वरडतीया मेली."

कृष्णात शिडीवरून स्लॅबवर चढला. उरलेल्या खडीच्या ढिगावर टिटवी अंगाखाली काहीतरी घेऊन बसली होती. तो जवळ गेला तशी उडाली. खाली नवी अंडी होती. धोंडुबाईचे गुडघे धरलेले, पाऊस लागल्यापासून ती वर गेलीच नव्हती.

"आक्का," तो वरूनच म्हणाला, "हिनं तुझ्या स्लॅबवर घातल्यात."

धोंडुबाईला भावाचा शब्द पटला नव्हता, अंडी पटली. तसल्या गुडघ्यांनीच ती म्हशी सोडायला धावली. पण तिन्ही म्हशी चढवून टेम्पो ओढ्यापाशी पोचला तर पाण्याखाली रस्ता दिसेना. टेम्पोवाल्यानं गाडी माघारी वळवली, म्हशी दारात उतरवल्या आणि उसाच्या कडेनं जमेल तसा पळाला. माघारी येईतो पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं होतं, तरी म्हशी पुन्हा तिथंच बांधाव्या लागल्या.

दुपार कलता कलता बचावाची बोट आली. जवान म्हणाला, "मावशी, फक्त माणसं." धोंडुबाईनं मांडीभर पाण्यात उभं राहून दावी कापली. एकेकीच्या पाठीवर थाप मारली. "जावा गं. जिकडं उंच दिसंल तिकडं जावा."

म्हशी हलल्या नाहीत. दावं नव्हतं तरी रोजच्या सवयीनं आपापल्या खुंट्यापाशी उभ्या राहिल्या. कृष्णातनं काठी हाणली, शेपट्या पिरगाळल्या, शेवटी तो रडायला लागला, तरी हलल्या नाहीत. जवानानं त्याला दंडाला धरून बोटीत घेतलं.

बोट उसावरून लांब गेली. मागून म्हशींचं हंबरणं ऐकू यायला लागलं तेव्हा धोंडुबाईनं आपले दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळले.

"किस्ना," ती म्हणाली, "धारंची वेळ झालीया त्यांची."