विटेला अभ्रा, मला गंज

मी बोलतोय तो एका स्वस्तातल्या गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या चाकातून. म्हणजे आता तिथून नाही, पण बारा वर्षं माझा पत्ता तोच होता. मी ब्रेकचा ड्रम. नाव ऐकून वाजवायचा ड्रम डोळ्यांसमोर आला असेल तर तो बाजूला ठेवा. मला कोणी कधी वाजवलं नाही. एकदाच वाजवलं, तेही हातोडीने, आणि ते ओघात येईलच.

एक आधीच कबूल करतो. माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. काही जण हे मनात ठेवतात, मी सांगून टाकतो.

मी बिडाचा. भट्टीतला लालबुंद रस साच्यात ओतला, थंड झाल्यावर आतून घासून गुळगुळीत केला, की झालो मी. दिसायला झाकण नसलेल्या डब्यासारखा, मधोमध एक भोक. आतून झिजत झिजत मी किती रुंद झालो की मला काढून टाकायचं, तो आकडा माझ्या पाठीवर जन्मतःच उमटवलेला होता. माणसाच्या कपाळावरचं कोणाला वाचता येत नाही म्हणतात. माझं तर स्वच्छ आकड्यांत लिहिलेलं होतं, फक्त कोणी चाक काढून बघायला हवं होतं.

माझ्या पोटात चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक-शू. मालकाने ब्रेक दाबला की ते पसरायचे, मला आतून घट्ट धरायचे आणि मी फिरायचा थांबायचो. मी थांबलो की चाक थांबलं. उजव्या चाकात माझा जुळा भाऊ हेच करायचा. बारा वर्षांत आमची भेट झाली नाही, पण एकाच केबलला बांधलेले असल्यामुळे एकमेकांची खबर लागायची.

आणि पुढे होत्या त्या. डिस्क.

मालकांनी गाडी घेतली तेव्हा पहिल्या दिवसापासून ज्याला त्याला सांगत सुटले, "पुढे डिस्क ब्रेक आहेत हो! मागे आपले ड्रम." ते 'आपले' मला अजून टोचतं. पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क चकाकताना दिसायची. रविवारी मालक जुना टूथब्रश घेऊन पुढच्या चाकांपाशी उकिडवे बसायचे आणि आरे न् आरे घासायचे. मागे येईपर्यंत त्यांची कंबर धरायची. मग बादलीत उरलेलं पाणी लांबूनच माझ्यावर फेकायचे.

डिस्कचे पॅड तीनदा बदलले. मी मोजलेत. प्रत्येक वेळी नवे, खोक्यातले. माझं पोट मात्र एकदाही कोणी उघडलं नाही. शू घासून पडणारी राख आतच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय? गाडी थांबवण्याचं बरंचसं काम डिस्कच करतात, हे मलाही ठाऊक आहे. पण एक काम त्यांना जमत नाही. उभ्या गाडीला उतारावर धरून ठेवायचं, म्हणजे हँडब्रेक, तो फक्त आमचा, मागच्यांचा. या एका मानावर मी दिवस काढत होतो.

पुढे मालकांची बदली दुसऱ्या गावी झाली आणि गाडी बाईंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे आली. बाई दातांच्या कवळ्या बनवतात. गावातले निम्मे म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी जेवतात. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंची कवळीही अर्थात घरचीच.

घर चढावर. रस्त्यावरून वळलं की फाटकापर्यंत चांगलाच चढ, आणि फाटक असं नाठाळ की उघडं ठेवलं तरी आपोआप मिटायचं. म्हणून रोज गाडी चढावर थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, बाईंनी उतरून फाटक उघडायचं, ते मिटायच्या आत परत गाडीत बसायचं आणि गाडी आत घालायची. त्या दीड मिनिटात गाडी माझ्या जिवावर उभी असायची.

पण मी झिजत चाललो होतो. ब्रेक-शू झिजले की ते माझ्यापासून लांब पडतात. ते अंतर भरून काढायला आत एक छोटी चक्री असते, ती गंजून बसली होती. हँडब्रेक सैल लागू लागला. बाईंनी गॅरेजवाल्याला सांगितलं. त्याने चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीत बसून हँडब्रेकच्या दांड्याखालचा नट आवळला, केबल ताणली आणि म्हणाला, "झालं ताई, एकदम टाइट." पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. दर वेळी केबल ताणली जायची आणि माझ्या पोटात काय चाललंय ते कोणी विचारायचं नाही.

एकदा चढावर गाडी थोडी मागे सरकली. फार नाही, चार बोटं. पण सासूबाई घाबरल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडीत वीट आली.

वीट! साधी, लाल, एका कोपऱ्याला फुटलेली. गाडी थांबली की ती मागच्या चाकाला लावायची. नेमकी डाव्याच, म्हणजे माझ्याच नाकासमोर. डिस्कचं एक वेळ मी सोसलं होतं, ती निदान कारखान्यातून आलेली होती. ही तर कुठल्याशा पडक्या भिंतीतून उचललेली!

त्याहून पुढची गंमत ऐका. विटेची माती गाडीत सांडते म्हणून सासूबाईंनी तिला अभ्रा शिवला. जुन्या पडद्याचा, निळ्या फुलांचा, वर नाडी. वीट त्यांच्या पायाशी ऐटीत बसायची. गाडी थांबली की अभ्रा काढायचा, वीट लावायची, फाटक उघडायचं, गाडी आत घालायची, परत येऊन वीट उचलायची, झटकायची, अभ्रा घालायचा. एवढे सोपस्कार! "जपून गं, आपटू नकोस तिला," असं सासूबाई सुनेला सांगायच्या. बारा वर्षांत माझ्याबद्दल असं कोणी एकदा तरी म्हणालं असेल, तर शपथ.

फाटक उघडं राहावं म्हणूनही त्यांनी वीट लावून पाहिली होती. फाटकाने तिला फरशीवरून खुशाल ढकलून दिलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो सांगायला लाज वाटते.

आता खरी गोष्ट. ही सांगताना मी स्वतःला पाठीशी घालणार नाही.

त्या दिवशी अभ्रा धुवायला टाकला होता आणि उघडी वीट अंगणात नळापाशी राहिली. दोघी चष्म्याच्या दुकानात जाऊन दुपारी परतल्या. चढावर गाडी थांबली तेव्हा सासूबाईंनी पायाशी चाचपून बघितलं.

"अगं, वीट!"

"राहू दे ना आई. एका मिनिटाचं तर काम. हँडब्रेक आहे की."

हँडब्रेक आहे की! हे तीन शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. माझी छाती फुगली. माझ्या पोटात काय उरलंय हे मला माहीत नव्हतं का? होतं. ब्रेक-शूंचं अस्तर संपून लोखंड घासत होतं. गाडीत एक म्हातारं माणूस एकटं बसलंय, हेही माहीत होतं. तरी माझ्या मनात एकच होतं, की आज वीट नाही, आज दाखवतोच यांना. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात, बिडाचंही वेगळं नसतं.

बाईंनी एका हाताने दांडा ओढला, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरल्या. त्यांची गाडीकडे पाठ. त्या फाटकाच्या कडीशी झटत होत्या.

आणि मी सुटलो.

आधी बोटभर, मग वीतभर, मग गाडी सरळ मागे निघाली. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे लॉन्ड्रीचं दुकान. मी शूंना धरत होतो, शू मला धरत होते आणि आम्ही दोघंही निसटत होतो. त्या क्षणी मला वीट आठवली. तिच्याबद्दल जे जे बोललो होतो ते सगळं आठवलं. ती आत्ता कुठूनही येऊन माझ्यापुढे पडावी, वाटलं तर रेशमी अभ्रा घालून, असं मला मनापासून वाटलं.

सासूबाई आयुष्यात कधी सायकलवरसुद्धा बसल्या नव्हत्या. पण सुनेला तो दांडा ओढताना त्यांनी हजारदा पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला, दात आवळले आणि अंगातलं सगळं बळ एकवटून वर खेचला. केबल करकरली. शूंचं उघडं लोखंड माझ्या पोटात रुतलं. सगळ्या गल्लीने कान झाकावेत असा आवाज झाला. तो माझा होता.

गाडी रखडत रखडत रस्ता ओलांडून गेली आणि लॉन्ड्रीच्या पायरीला टेकून थांबली. टेकली फक्त. बंपरला ओरखडासुद्धा नाही.

बाई धावत आल्या. चेहरा पांढराफटक. दार उघडून म्हणाल्या, "आई! आई, लागलं का कुठे? माझी चूक झाली."

"तुझी चूक नंतर बघू," सासूबाई दातांवर दात ठेवूनच म्हणाल्या. "आधी हा दांडा धर. माझे हात सुटत नाहीयेत."

बाईंनी एकेक बोट सोडवलं. तोंड उघडल्यावर कळलं की कवळी मधोमध तडकली होती.

पुढचे चार दिवस लॉन्ड्रीवाला येईल त्याला पायरी दाखवायचा. "पायरी होती म्हणून वाचल्या हो! सगळे म्हणत होते पायरी रस्त्यावर आलीय, तोडून टाक. तोडली असती तर?" लोक वाकून पायरी बघायचे. एकाने तर फोटो काढला. झालं, आता मला पायरीचाही हेवा वाटू लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

बाईंनी गॅरेज बदललं. नवीन मेस्त्री म्हातारा, कमी बोलणारा. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या, तात्पुरत्या कवळीवर. मेस्त्रीने चाक काढलं. मी गंजून असा चिकटलो होतो की हलेना. त्याने हातोडीने माझ्या कडेवर गोल फिरत ठोके दिले, मग माझ्या तोंडावरच्या दोन भोकांत बोल्ट घालून थोडा हा, थोडा तो असे आवळत मला हळूहळू बाहेर ढकललं. बारा वर्षांनी पोटात उजेड आला. मेस्त्रीने राख फुंकली नाही. तोंडाला फडकं बांधलं आणि ती ओल्या कापडाने टिपून घेतली. मला कोणीतरी पुसलं. काय वाटलं ते सांगत बसत नाही.

"हँडब्रेक वरून किती वेळा आवळलाय?" त्याने विचारलं.

"दर सर्व्हिसिंगला."

"माणूस वाळत चाललाय आणि तुम्ही पायजम्याची नाडी आवळताय. तो वाळतोय कशाने, ते बघायला नको?"

बाईंनी झिजलेले शू हातात घेतले. "हे तर हिरडीपर्यंत गेलेत," त्या हळूच म्हणाल्या. स्वतःच्याच कामातली गोष्ट असल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला.

मेस्त्रीने माझं पोट मोजलं, मला उलटं केलं, तारेच्या ब्रशने पाठ घासली आणि तो आकडा वाचला. पहिल्यांदाच कोणीतरी वाचला. "हद्द ओलांडून गेलाय. घासून घेण्यातही अर्थ नाही. दोन्ही बाजूंचे ड्रम आणि शू नवे टाकू. एका बाजूचंच बदललं तर गाडी एकीकडे ओढेल. आणि वर्षातून एकदा उघडून बघत जा."

मग त्याने मला उजेडात धरून आतून बोट फिरवलं.

"हा चरा बघा. ताजा आहे. लोखंड रुतलंय इथे. पायरीबियरी काही नाही हो. गाडी त्या वेगात आली असती तर पायरीने डिकी चेपली असती. आजींनी ओढलं आणि यांनी धरलं, म्हणून पायरीशी येईपर्यंत गाडीचा जोर संपला. उजव्याचा चरा एवढा खोल नाही. जास्त यानेच धरलंय."

मी ऐकत होतो. एवढी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि ते भंगाराच्या डब्यापाशी ऐकलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की धरलं खरं, पण आधी सोडलंही मीच.

उजवा भाऊ ठणकन डब्यात पडला. आमची पहिली भेट ती, आणि शेवटची. मेस्त्री मलाही टाकणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तो नका टाकू. तो मला द्या."

"आई, काय करायचंय त्याचं?"

"करेन काहीतरी. तू चल."

आता मी फाटकापाशी असतो. भिंतीच्या कडेला मला पालथं ठेवलंय. सकाळी गाडी बाहेर पडली की सासूबाई फाटक पूर्ण उघडतात आणि त्याची खालची कांब माझ्या मधल्या भोकात सोडतात. नेमकी बसते. फाटक मिटायला बघतं, मी हलत नाही. संध्याकाळी बाई वळण घेऊन येतात त्या थेट आत. चढावर गाडी आता थांबतच नाही.

पुढच्या डिस्क चकाकत माझ्या शेजारून जातात. मागे नवीन ड्रम, कोरा करकरीत. परवा दिवाणखान्यातून ऐकू आलं, मालक फोनवर बाईंना सांगत होते म्हणे, मागचे ब्रेक वर्ष झालं की मेस्त्रीला उघडून दाखव. मला एकदा तरी असं कोणी दाखवलं असतं तर? जळतंच अजून. काय करू?

वीट माझ्याशेजारीच आहे. तिला काम उरलेलं नाही, पण सासूबाई तिला टाकत नाहीत. निळ्या फुलांच्या अभ्र्यात ती उन्हात बसलेली असते, आणि मी उघडा, पावलागणिक धूळ खात. काल सासूबाई टेप घेऊन आल्या, वाकून माझा घेर मोजला आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "कापड कमी पडणार."

तुमच्याही गाडीच्या मागच्या चाकात माझ्यासारखा कोणीतरी अंधारात बसलेला असेल. त्याला अभ्रा नको, कौतुकही नको. वर्षातून एकदा चाक काढा, उघडा, आणि त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. त्याला बोलता येत नाही. आणि तो माझ्यासारखा असला, तर बोलता आलं असतं तरी स्वतःच्या झिजेबद्दल बोलला नसता.