ओट्याचा गवंडी

"आबा, रोज सांगताय तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्ती न्हाई," सुनावणीसाठी कार्यालयाच्या दारात मोटारसायकल लावत प्रदीपनं बापाला बजावलं.

गेणूआबा उतरले, टोपी सारखी केली आणि त्याच्यामागून चालू लागले. एरवी या विषयावर त्यांना गप्प करणं कुणालाच जमलं नसतं. लोणावळ्याच्या बाजारात घाटवाल्या मशिदीपुढून जाताना ओळखीचा-अनोळखी कुणीही सापडो, त्याला थांबवून ते ऐकवत, "ह्यो ओटा दिसतोय न्हवं? म्या बांधलाय. रेल्वेच्या संपानंतर, पंच्याहत्तर साली." पन्नास वर्षं हे चाललं होतं. नव्या सुनेनंसुद्धा घरातली माणसं नीट ओळखण्याआधी ही हकिगत दोनदा ऐकली होती.

मशीद जुनी. घाटात बोगदे खोदायला आलेल्या मजुरांनी ती उभारली, असं सांगतात. पुढचा दगडी ओटा मात्र सगळ्या गावाचा. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या सभा मशिदीपुढच्या त्या जागेवर झाल्या, संपाच्या दिवसांत रेल्वे कामगार तिथेच जमले. आजही निवडणुकीचा अर्ज भरून आलेला उमेदवार, पक्ष कुठलाही असो, आधी त्या ओट्यावर टेकतो, मशिदीची देखभाल करणाऱ्या तांबोळी चाचांच्या हातचं सरबत पितो आणि मगच प्रचाराला लागतो. न टेकणारा पडतो, अशी बाजाराची समजूत. पडणारेही टेकलेलेच असतात, हे कुणी मोजत नाही.

आता रस्ता रुंद होणार होता. एकाहत्तरच्या आधीचं बांधकाम वाचणार, नंतरचं पडणार. मशिदीचे जुने कागद वाळवीनं केव्हाच फस्त केलेले. ओटा नंतरचा आहे, या तक्रारीवर पहिली सही प्रदीपची. यंदा त्याला तिकीट हवं होतं आणि ते देणाऱ्यांना ओटा नको होता. पुरावा म्हणून त्यानं बापाचं नाव दिलं. अख्ख्या बाजारानं ऐकलेला पुरावा, खोटा कोण म्हणणार?

सुनावणीच्या खोलीत तांबोळी चाचा कोपऱ्यात बसले होते. आबांना पाहून त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. काही मागितलं नाही, विनवलं नाही. आबांना नेमकं तेच सोसेना.

"बाबा, मशिदीपुढचा ओटा तुम्ही बांधलाय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"व्हय," आबा सवयीनं बोलून गेले. प्रदीपनं समाधानानं मान हलवली. कारकून लिहू लागला.

"थांबा बाई, लिवू नगा." आबा उभे राहिले. "मी आठ वर्सांचा व्हतो. मुंबईसकट म्हाराष्ट्र पायजे म्हनून सभा व्हती. माझा बा रेल्वेत गँगमन. गर्दीत पोरगं तुडवलं जाईल म्हनून त्यानं मला त्याच ओट्यावर बशिवलं. दगुड लय तापला व्हता. चड्डीतनं चटके बसत व्हते, पर बा उठू दिईना."

"म्हणजे ओटा तेव्हाही होता?"

"व्हता."

"मग पंच्याहत्तर साली तुम्ही काय केलंत?"

आबांनी टोपी काढून हातात धरली. सभेची गोष्ट सांगणं सोपं होतं. ही गोष्ट त्यांनी स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितली नव्हती.

"डागडुजी निघाली व्हती. काम मिस्त्रीचं. मी माल कालवत व्हतो. मिस्त्री जेवाय गेला, तवा एका पायरीला थापीनं माल लावला. एकाच. त्यानं आल्यावर माझं काम पुसून ती पायरी बी पुन्यांदा केली."

खोलीत हशा पिकला. एकटे चाचा हसले नाहीत.

"आबा, काय बोलताय तुमी!" प्रदीप ओरडला. "माझं समदं धुळीला मिळवलंत!"

"पन्नास वर्सं खोटं बोललो रं. तुझी आय गेली, तिला बी खरं न्हाई सांगितलं." आबा खाली बसले. बायकोला त्या ओट्याचा नवऱ्यापेक्षा जास्त अभिमान होता, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रदीप उठून गेला. खाली मोटारसायकल सुरू झाली आणि लांब गेली.

कारकुनानं जबाब वाचून दाखवला. सहीसाठी कागद पुढे सरकवत म्हणाला, "वर व्यवसाय गवंडी लिहिलाय. मुलानं सांगितलं होतं."

"खोडा ते. बिगारी लिवा."

कारकुनानं रेघ ओढली. आबांनी वाकून ती नीट पडली आहे ना हे पाहिलं, मग पेन मागून घेतलं आणि नव्या शब्दाखाली सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.