पानाच्या तळाशी जे होते

भिंगाखाली काळे अक्षर धरले की त्याच्या कडेला एक बारीक रंगीत रेघ दिसते. एका बाजूला नारिंगी, दुसऱ्या बाजूला निळसर. भिंगाच्या मध्यावर ती जवळजवळ नसते, कडेकडे सरकावे तशी रुंद होते. ही रेघ कागदावर नसते, शाईतही नसते. ती माझ्यात असते. मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, आणि मी जे दाखवते त्यात थोडे माझेही मिसळलेले असते.

माझा जन्म काचा घासण्याच्या कारखान्यात झाला. ओल्या भुकटीवर गोल गोल घासून मला मध्ये फुगीर आणि कडांना पातळ केले गेले. भोवती पितळी कडे आले, लाकडी मूठ आली. तपासणाऱ्या बाईंनी मला खिडकीसमोर लांब धरले, समोरची इमारत स्वच्छ उलटी दिसली, तेव्हा त्यांचे समाधान झाले.

तिथून मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आले. मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची कच्ची पाने, तपासायच्या टेबलावर एक तरुण मुलगी नुकतीच रुजू झाली होती. तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईच्या हाताला शाई आणि माझ्या मुठीला तिच्या हाताचा घाम, असे आमचे दिवस गेले. ताईने पान पाहिले असेल तर डोळे मिटून छापा, असे खालचे छपाईवाले म्हणत. पुढे पुस्तकांचे पान तिच्याकडे आले. तिने बरे म्हटलेले पुस्तक लोक विकत घेत. मग संगणकाच्या पडद्यावर अक्षरे हवी तेवढी मोठी करता येऊ लागली आणि मी टाचण्यांच्या डबीशेजारी खणात जाऊन पडले. ती निवृत्त झाली तेव्हा मला घरी घेऊन आली, पण तिथेही खणातच. परीक्षणे मात्र ती घरून लिहीतच राहिली.

एके दिवशी ताईला खिडकीचे गज मध्येच वाकलेले दिसले. तिने मिस्त्रीला बोलावले. त्याने गजांना पट्टी लावून दाखवली. गज सरळ होते. डॉक्टरांनी सांगितले की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. तिथे काळे भोक दिसेल असे नाही, मेंदू आजूबाजूचे पाहून ती जागा स्वतःच भरून काढतो आणि भरलेले अगदी खरे वाटते. त्या दिवशी ताईने मला खणातून काढले. मला आनंद झाला, याचे आता वाईट वाटते.

संपादकांना सांगायला हवे, असे बहीण म्हणे. ताईचे उत्तर ठरलेले, एवढा अंक जाऊ दे, मग सांगते. बहीण चिडवायची, आता भिंगालाच एक चष्मा करून आण म्हणायची. ताई हसायची आणि पुढचे पुस्तक उघडायची. मोठी अक्षरे माझ्यातून कशीबशी वाचता येत. बारीक अक्षरे माझ्याखालीही विरघळत. तळटीपा म्हणजे नुसते संदर्भ, असे म्हणून ती मला पानाच्या तळापर्यंत नेईनाशी झाली.

मग ते पुस्तक आले. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या एका बाईंनी लिहिलेले. नळाचे पाणी दूषित असल्याचे दडवले गेले, असे त्यात म्हटले होते. वरचा मजकूर आठवणींसारखा साधा होता. कोणत्या नळाचा नमुना, कधी घेतला, काय सापडले, ते सारे तळटीपांत होते. ताईने परीक्षणात पुस्तकाचे मनापासून कौतुक केले आणि शेवटी एक वाक्य लिहिले, की पुरावे दिले असते तर ते भक्कम झाले असते. संपादकांनी कौतुक कापले, ते वाक्य ठेवले आणि वर ठसठशीत मथळा दिला, ‘पुराव्याविना आरोप’. संध्याकाळी टीव्हीवर चार चौकटींत चार माणसे तावातावाने बोलत होती. एकाच्याही हातात पुस्तक नव्हते.

काही दिवसांनी त्या बाई घरी आल्या. भांडल्या नाहीत. पुस्तक टेबलावर, माझ्याशेजारी ठेवले.

“तळटीपा तुम्हाला पटल्या नाहीत का?” एवढेच त्यांनी विचारले.

ताईचा हात माझ्या मुठीवर घट्ट झाला. “मला त्या पुरेशा वाटल्या नाहीत,” ती म्हणाली.

बाई “बरं” म्हणाल्या आणि पुस्तक तिथेच ठेवून गेल्या. बहिणीने ते उचलले, पानांचा तळ वाचत गेली, आणि हळूच म्हणाली, “ताई, हे सगळं खाली आहे गं.” पुढे कित्येक दिवस ताईने मला हात लावला नाही.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तिला मला खाली न्यायला सांगितले असते. मी वस्तू मोठी करते, पण जेवढी मोठी करते तेवढे आजूबाजूचे माझ्यातून निसटते. मथळ्याचेही तसेच असते. म्हणून मोठ्या अक्षरांवर लगेच विश्वास ठेवू नका, पानाच्या तळापर्यंत जा. आणि दिसत नसेल तर दिसत नाही असे म्हणा. ते म्हणायला किती जड जाते, हे मी पाहिले आहे.

काल सकाळी संपादकांचा फोन आला. बहिणीने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. प्रकाशक त्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती परत मागवणार होते. हा आपल्या परीक्षणाचा परिणाम आहे, मॅडम, उद्या तुमच्या फोटोसह चौकट करू, असे संपादक खुशीत सांगत होते. बहीण भाजी निवडायची थांबली. पलीकडून दोनदा हॅलो आले.

“प्रती परत मागवू नका म्हणावं त्यांना,” ताई म्हणाली. “मी तळटीपा वाचल्याच नाहीत. मला दिसत नाही रे, वर्ष होऊन गेलं. उद्याच्या चौकटीत हे छाप, आणि मथळा तेवढाच मोठा दे.”