केझायाच्या काडीमोडाचा अर्ज

कर्नल ग्रिग्जने लढाई कधी पाहिली नव्हती. वर्षातून एकदा गावच्या शेतकऱ्यांची कवायत व्हायची. त्यांच्यापुढे तो घोडा नाचवायचा. तेवढ्या भांडवलावर तो कर्नल झाला आणि तीनदा केंटकीच्या विधिमंडळातही जाऊन बसला.

तिथे त्याने काय दिवे लावले ते केझाया मॉपिनला विचारावं. तिचा नवरा ॲब्सलम सहा वर्षांपूर्वी दुसरी बाई घेऊन मिसुरीला पळाला. काडीमोड मिळायचा तर विधिमंडळाने ठराव करायला हवा. तोवर तिची गाय, तिचा माग, तिने विणलेलं कापडसुद्धा कायद्याने त्या पळपुट्याचंच. कर्नलने तिचा अर्ज घेतला आणि तीन हिवाळे राजधानीची हवा खाऊन हात हलवत परत आला.

"यंदा नक्की," निवडणुकीआधी तो म्हणाला. "नवरा टाकून गेलाय, हे उघड आहे. एका बैठकीत मंजूर होईल."

"मला कुठे मत आहे, कर्नलसाहेब?"

"तोंड आहे ना? शेजाऱ्यांना सांग की."

केझाया घरोघर फिरली. गरजवंताला अक्कल नसते.

मतदानाच्या दिवशी कोर्टाच्या अंगणात एकेक मतदार टेबलापुढे येऊन आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगत होता. नाव आपलं असलं की कर्नल उठून आभार मानायचा आणि पिंपातली व्हिस्की पाजायचा. संध्याकाळी कर्नलची आणि विरोधी उमेदवाराची मतं बरोबरीत आली. तेव्हा कर्नलच्या मेहुण्याने एकाला दंडाला धरून पुढे आणलं. केझायाने टाचा उंचावून पाहिलं. तो ॲब्सलम होता.

"ग्रिग्ज," तो म्हणाला.

"आभारी आहे, मॉपिनसाहेब. पत्र वेळेवर मिळालं म्हणायचं."

"हा इथे राहतो कुठे?" विरोधी उमेदवार ओरडला.

"म्हणजे काय?" कर्नल शांतपणे म्हणाला. "बायको इथे, घर इथे, माग इथे. पोटापाण्यासाठी जरा बाहेर गेला होता बिचारा."

शेरीफने मान डोलावली आणि मत लिहून घेतलं. कर्नल एका मताने निवडून आला.

केझाया गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली. "आणि माझा अर्ज?"

"अगं, नवरा परत आला की तुझा," कर्नल हसून म्हणाला. "टाकून गेला असं आता कसं लिहिणार? देवाचे आभार मान."

पिंपापाशी ॲब्सलम मागाला किती येतील ते विचारत होता. तिच्या शब्दावर मत दिलेले शेजारी पेला हातात घेऊन त्याला भाव सांगत होते.