प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाचे

सत्तावीस वर्षं मी छपाईचे खिळे जुळवतोय. घणसोली गावातल्या माझ्या छापखान्यात लग्नपत्रिकांपेक्षा दहाव्याच्या पत्रिका जास्त निघतात आणि त्यातली एक ओळ मी कधी मोडतच नाही: ‘प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाचे’. सुतळीनं बांधून ठेवलेली आहे. कोणीही गेलं की नाव बदलायचं, ओळ तीच. पंच्याण्णव साल उजाडलं, लोक कॉम्प्युटरवर छापून घ्यायला वाशीला जाऊ लागले, तरी गावच्या मयतांना माझी ओळ पुरत होती. कंबर गेली, डोळे गेले, कंटाळा तेवढा जात नाही.

गोटीराम गेला तेव्हाही तीच लावली. त्याचा मुलगा दिलीप "दोनशे पत्रिका, करीमभाय, बाबांचं नाव मोठं टाका," एवढंच सांगून गेला होता. प्रूफ दाखवायला मी त्यांच्या घरी गेलो तर दिलीप नव्हता. कोपऱ्यात गोधडीवर गोटीरामची बायको गोजराबाई एकटीच बसलेली. तिला वाचता येत नाही.

"वाच करीमभाऊ," ती म्हणाली.

मी वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "यो कोन?"

मला हसू आलं नाही. माझा छापखाना त्यांच्या घरापासून तिसरा. गोटीरामचा पट्टा खुंटीवरून किती वेळा उतरायचा, हे सगळ्या आळीला ऐकू यायचं. बारा वर्षांपूर्वी त्याची मुलगी विजयमाला डोक्याला टाके पडले तशीच घरातून निघून गेली. तुर्भ्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, रिक्षानं पंधरा मिनिटांवर. पण एकदाही आली नाही. बाप गेल्याचा निरोप पोचला, तरी नाही.

"दहाव्याला तरी ती येऊ दे," गोजराबाई म्हणाली. "मना तेवडंच पायजे. पन ह्ये असलं वाचलं तर फाडून टाकल ती. दुसरा शब्द घाल."

दुसरे शब्द माझ्याकडे ढिगानं आहेत. एकाच रागाला किती नावं! गरीब चिडला तर भांडखोर, चार खोल्या भाड्यानं देणारा चिडला तर करारी. मास्तर असला की शिस्तप्रिय, सासू कडक आणि सून मात्र कजाग. आयुष्यभर लोकांना शिव्या देणारा मेल्यावर स्पष्टवक्ता होतो. हे सगळं मीच छापलंय.

"करारी घालू?"

"तसं पुढाऱ्यांना बोलतात."

"शिस्तप्रिय?"

"शालेत होता काय तो?"

"मग तापट घालतो."

"तापट मानूस तापतो नि निवतो. ह्यो थंड डोक्यानं मारायचा."

"रागीट?"

"रागीट तर मी पन हाय."

मी दमलो. कपाळ पुसत म्हटलं, "बरं, साधं कडक घालू या."

गोजराबाईनं पदर तोंडाला लावला.

"कडक मीच बोलायची," ती म्हणाली. "टाके घालून पोरीला घरी आनली, तवा पन तेच बोलली. बापाचा सभाव कडक हाय, तूच जरा सांभालून रा."

मला लाज वाटली. आळीत कोणी विचारलं तर मीही तेच म्हणायचो: कडक माणूस आहे. दोन अक्षरं कमी-जास्त केली की आपण मोकळे.

"मारकुटा," ती म्हणाली. "मारकुटा होता तो. लिव तसंच."

"दिलीप मला दारात उभा करणार नाही, बाई."

"दिलीपच्या दोनशेत नको. येकच छाप. विजूची." तिनं बटव्यातून पत्त्याची चिठ्ठी काढून दिली.

ती ओळ जुळवायला मला अर्धा तास लागला. सत्तावीस वर्षांत हा शब्द मी कधी पत्रिकेत बसवला नव्हता. ‘मारकुट्या स्वभावाचे आमचे वडील कै. गोटीराम’. एक प्रत काढली आणि स्वतः पोस्टात टाकून आलो.

दहाव्याच्या सकाळी पुरुष मंडळी खाडीवर गेली होती. छापखान्याच्या दारात एक बाई उभी राहिली. केस पांढरे व्हायला लागलेले, हातात पत्रिका. दिलीपनं जुनं घर पाडून तीन मजले चढवलेत, तिला घरच ओळखू येईना. पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं म्हणून इथे आली.

"चाचा, हा शब्द दिलीपचा नाही," विजयमाला म्हणाली. "तुमचा आहे?"

"नाही गं. तुझ्या आईचा."

ती पत्रिकेकडे बघत राहिली. "तेव्हा बोलली असती ना, तर मी गेलेच नसते. माराची मला सवय होती."

"मीसुद्धा कडकच म्हणायचो, पोरी."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

मी तिला घरापर्यंत सोडलं. आतल्या बायका बोलता बोलता थांबल्या. गोजराबाई उठली नाही, रडलीही नाही. जरा बाजूला सरकली.

"तवा बोलायला पायजे होतं मी," ती म्हणाली.

"हो," विजयमाला म्हणाली, "पाहिजे होतं."

मग चपला काढून ती आत गेली आणि आईच्या शेजारी बसली. मधे हातभर अंतर ठेवून.